नदीतले खुंट आणि सुमनताई

सुमनताई मांड्यांपर्यंत गाळात गेल्या होत्या आणि मला विचारत होत्या, "अहो अनुसयाबाई, हे लाकूड सागाचं नसावं, नाही का? इकडे साग कुठला?"

मी म्हटलं, "हलू नका."

"हलत नाहीये. नुसतं विचारतेय."

ज्या लाकडाबद्दल त्या विचारत होत्या तो खुंट माझ्या हाताशी होता. काळाकुट्ट, चांगला जाडजूड, नदीच्या तळातून गुडघ्याच्या वर आलेला. फार जुन्या काळी रोमन लोकांनी इथे जर्मनीत नदीवर पूल बांधला होता, त्याच्या पायातला हा खुंट. असे आणखी खुंट ओळीने पुढे पात्रात गेले होते. काठाकडच्या पहिल्या दोन खुंटांभोवती दगडांचा ढीग होता आणि मी त्या ढिगावर उभी होते. सुमनताईंना तिसरा खुंट हात लावून बघायचा होता. त्या ढिगावरून खाली उतरल्या, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि दुसऱ्या पावलाला नदीने त्यांना धरलं. उतरल्या तेव्हा गाळावर बोटभर पाणी होतं. आता ते वीतभर झालं होतं. ते वाढतंय हे मला दिसत होतं, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. काठावर चिटपाखरू नव्हतं. मी त्यांचा हात धरून ओढून पाहिलं तर माझाच पाय शेवाळावरून सरकला. म्हटलं, दोघी गेलो तर सांगायलाही कोणी उरायचं नाही. मग मी साडी सोडली.

अंगावर इरकली होती, वर स्वेटर आणि त्यावर माझ्या मुलाचं जुनं जॅकेट. साडीचं एक टोक खुंटाला दोन वेढे देऊन बांधलं, दावणीला गुरं बांधतात तशी गाठ मारली आणि दुसरं टोक त्यांच्याकडे फेकून काखेतून घ्या म्हटलं. त्यांनी घेतलं. मी परकरावर उभी, पानगळीचे दिवस, वारा सुटलेला.

"विहीणबाई, गाठ सुटणार नाही ना?"

"गाठ नाही सुटत. खुंट निघाला तर बघू."

"तो नाही निघायचा," त्या म्हणाल्या. "एवढ्या काळात नाही निघाला तो."

सुमनताई गेल्या त्याला आता महिना-दीड महिना झाला. गाळात नाही गेल्या. साताऱ्याला स्वतःच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. इथे तेव्हा सकाळ होती. मी खाली स्वयंपाकघरात पालक निवडत होते आणि माझी सून मेधा वरच्या खोलीत कानाला ते लावून तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होती. तिचा फोन लागेना म्हणून तिच्या भावाने मला केला. मी हात पुसले, जिना चढले आणि तिच्या दारात उभी राहिले. कामाच्या वेळी मी कधी वर जात नाही. तिने माझ्याकडे बघितलं, कानावरचं काढलं आणि म्हणाली, "आई?" मी म्हटलं, "हो." मला गोल गोल सांगता येत नाही आणि अशा वेळी तसं सांगून फायदाही नसतो. ती त्याच दिवशी विमानाने गेली. मुलांना बघायला मी मागे राहिले. त्यामुळे शेवटचं दर्शन मला नाही, आणि दिवसकार्यातही मी नव्हते. तिकडे सगळ्यांनी त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं असेल. माझं राहिलं, ते इथे लिहिते.

आम्ही विहिणी. सुमनताईंनी उमेदीची वर्षं टेलिफोनच्या कचेरीत काढली होती, ज्या काळात ट्रंककॉल बाई जोडून द्यायची त्या काळात. मी सीना नदीच्या काठच्या खेड्यातली, चौथीनंतर शाळा सुटली. आमच्या मुलांनी पुण्याला आपापलं जमवलं आणि आम्हाला कळवलं. लग्नात मी मुलाकडची, म्हणजे मानाची. माझ्या नणंदा-जावा बारीक नजर ठेवून होत्या की विहीण पाय धुते का, साडी कसली देते, ओटीत नारळ असोला आहे का सोललेला. सुमनताईंनी सगळं केलं, पण माझे पाय धुताना मान वर करून मला विचारलं, "अहो, हे पाय धुणं कुठून आलं असेल? पूर्वी लोक चालत यायचे म्हणून असेल का?" मी म्हटलं, "असेल. तुम्ही धुवा आधी, पाणी गार होतंय." माझ्या मोठ्या जावेने घरी परतताना जाहीर केलं की विहीण आगाऊ आहे. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, या बाईला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी जर्मनीत आले ती मालक गेल्यावर, मुलगा संतोष म्हणाला म्हणून. हायडेलबर्गपासून नेकर नदीच्या वरच्या अंगाला हे लहान गाव आहे. संतोष गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आणि मेधा सॉफ्टवेअरमध्ये. सुमनताई लेकीकडे अधूनमधून येत, पण त्यावेळी मी गावाकडे जाई, कारण दोन विहिणी एका घरात राहू नयेत असं आमच्याकडे म्हणतात. शेवटच्या खेपेला मात्र माझा गुडघा दुखत होता आणि त्यांचं तिकीट आधीच काढलेलं होतं. त्यांच्या हृदयात त्या वर्षी स्प्रिंगा बसवल्या होत्या आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढा एक प्रवास करा, पुढे विमान नको. म्हणजे इथलं जे काय बघायचं ते याच खेपेत. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना सगळ्यांत जास्त.

एका घरात राहिल्यावर मला त्या कळल्या. त्यांना गप्प राहता येत नसे, पण चकाट्या पिटायच्या नसत. त्या विचारत. रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रासमोर उभं राहून त्याला कसं कळतं की ही बाटली आपली नाही, हे त्यांनी दुकानातल्या पोरीला खुणांनी विचारलं. तिने यंत्राचं दार उघडून दाखवलं. रविवारी इथे कपडे वाळत घातलेले शेजाऱ्यांना चालत नाहीत, तर देव पाहतो म्हणून की शेजारी पाहतो म्हणून, हेही त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला मेधाकडून विचारायला लावलं. मेधाने अर्धंच विचारलं. नात ईरा मराठी कळत असून जर्मनमध्ये उत्तर देते, तर सुमनताई तिलाच विचारत, "तुला स्वप्न कुठल्या भाषेत पडतं गं?" ईरा म्हणायची, "वाइस निश्ट", म्हणजे माहीत नाही. तर त्या म्हणत, मग आज रात्री लक्ष ठेव. मी एकदा वैतागून म्हटलं, तुमच्या डोक्याला शीण होत नाही का? त्या म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारला, नंबर काय. बाकीचे सगळे तुंबून राहिलेत."

त्यांची आणखी एक सवय होती. पूल ओलांडायचा तर नदीला नाणं द्यायचं. ही आपल्याकडे पुष्कळांची असते, माझीही होती. पण इथल्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत. म्हणून सुमनताई पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरत, पूल चालत जात, मध्यावर थांबून नाणं टाकत आणि पलीकडे दुसऱ्या बसची वाट बघत. मेधाला वेळ नसे, त्यामुळे या लांबणीला सोबत मी. त्याचा मला राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायची. त्या हसत आणि मला एक नाणं देत.

नंतर एका रविवारी मेधाने आम्हाला जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात नेलं. तिथे काचेखाली हिरवट पडलेली नाणी मांडलेली होती. मेधाने पाटी वाचून सांगितलं की ही नदीत सापडली, जिथे रोमनांचा पूल होता तिथे, आणि लोक पूल ओलांडताना टाकत असावेत. सुमनताई त्या काचेपुढून हलेनात. "आपल्यासारखेच की," असं दोन-तीनदा म्हणाल्या. मग त्यांचा खरा प्रश्न आला... भीती कशाची होती त्यांना? नदीची, की पुलावर भरवसा नव्हता? मेधा म्हणाली, "आई, चल ना, ईराला भूक लागलीय." बाजूला पुलाचा लाकडी नमुना होता. त्यात वर दगडाचे खांब आणि खांबांच्या खाली पाण्यात ठोकलेले लाकडाचे खुंट दाखवले होते. त्या दिवसापासून सुमनताईंना एकच लागलं. वाहत्या पाण्यात, खाली चिखल, तिथे पाय रोवला कसा? एवढा मोठा दगडी खांब लाकडावर उभा राहिला कसा आणि बुडाला का नाही? जेवताना, भाजी चिरताना, ईराची वेणी घालताना तेच.

आणि त्याच दिवसांत नदी उतरली. आमच्या गावाच्या खाली नदीवर दारांचा बंधारा आहे. त्याची दारं दुरुस्तीला काढायची म्हणून अडवलेलं पाणी सोडलं आणि पात्राची एक बाजू उघडी पडली. गावातले लोक थर्मास घेऊन काठावर बघायला येऊ लागले. जुनी सायकल दिसली, कोणाची तरी लोखंडी खाट दिसली, आणि वळणावर ते खुंट दिसले, म्हाताऱ्याच्या तोंडात राहिलेल्या दातांसारखे. संतोषने जेवताना पेपरातलं वाचून सांगितलं, हाच तो पूल. सुमनताईंनी त्याच ताटावर मेधाला म्हटलं, मला तिथे घेऊन चल. मेधा म्हणाली, काठावरून बघितलंस ना, आई. खाली जायला बंदी असते, आणि तुझं हृदय... तिचंही चुकत नव्हतं. सकाळी सहापासून तिचा दिवस सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सुमनताई मला म्हणाल्या, दारं बसत आलीत म्हणतात, पाणी परत चढेल. मी आठ दिवसांनी जाणार. मग बघणार कधी?

मी म्हटलं, चला.

यात आम्हाला काही विशेष वाटलं नाही, ते सांगायला हवं. नदीचं पात्र म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. आमच्या सीनेचं पाणी उतरलं की पात्र म्हणजे रस्ताच. बैलगाड्या जायच्या त्यातून. वाळूत खरबुजाच्या वाड्या लावायचे, पोरं दिवसभर तिथेच. सुमनताईंचं माहेरही कृष्णाकाठचं, तिथेही तेच. पाणी नाही म्हणजे जमीन, एवढं आमचं गणित. इथली नदी बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं अडून बसलेली आहे आणि तिच्या तळाला वाळू नसून लोण्यासारखा गाळ आहे, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. काठावर पिवळी पाटी होती. सुमनताईंनी कोणालाही तिचा अर्थ विचारला असता, पण त्या दिवशी विचारायला माणूसच नव्हतं. मेधाला आम्ही कोथिंबीर आणायला जातो म्हणून सांगितलं. तसं खोटंही नव्हतं, कोथिंबीर आणायचीच होती.

सुमनताईंच्या मुठीत भोकाचा पैसा होता, त्यांच्या आईच्या डब्यातला. तो खास साताऱ्याहून आणला होता की पाकिटात नेहमीच असायचा, ते मी विचारलं नाही. त्यांना तो नव्या पुलावरून नव्हता टाकायचा. जुन्या लोकांनी जिथे टाकले तिथे, खांबाच्या मुळाशी ठेवायचा होता.

तर आता परत गाळात. पाणी त्यांच्या कमरेला आलं. मी ओरडत होते. जर्मन मला येत नाही, मी आपली "अहो, कोणी आहे का, धावा" असं ओरडत होते. सुमनताई म्हणाल्या, "तुम्ही जा काठावर, रस्त्यावर माणूस मिळेल." मी म्हटलं, साडी सुटली तर? त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात सुटत नाही." मी गेले नाही. मनात फार थोर काही नव्हतं. मेधाला काय तोंड दाखवू, एवढंच होतं. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते आणि मला तो रंग आवडला नाही. म्हणून मीच त्यांना बोलतं ठेवलं. म्हटलं, बघा बरं, या खुंटावर कुऱ्हाडीचे घाव आहेत की करवतीचे? त्यांनी मान लांब केली. "सपाट आहेत. तासल्यासारखे. तुम्ही हात लावून बघा." मी लावला. तासलेलंच होतं. ज्याने तासलं त्याचा प्रत्येक घाव बोटाला लागत होता, जणू परवाच खाली ठेवून गेलाय. "कुजलं कसं नाही हो?" मी म्हटलं, आमच्या विहिरीच्या बुडाला जांभळीच्या फळ्या होत्या, पाण्यात होत्या तोवर टिकल्या, विहीर आटली तशा गेल्या. "म्हणजे पाण्याने राखलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अनुसयाबाई, माझे पाय मला कळत नाहीत आता."

तेवढ्यात कुत्रा भुंकला. काठावर कुत्रं घेऊन एक म्हातारा आला होता. त्याने आम्हाला पाहिलं, मला परकरात पाहिलं, आणि फोन काढला. पुढचं भराभर झालं. फॉयरवेअरची म्हणजे बंबाची गाडी आली. त्यांनी लांब शिडी गाळावर आडवी टाकली आणि एक जण पोटावर सरकत त्यांच्यापर्यंत गेला. मला वाटलं ओढतील. त्यांनी ओढलं नाही. पायांशी एक बारीक नळी खुपसून पाणी सोडलं. गाळात पाणी गेलं की गाळ पाय सोडतो. सुमनताई त्या अवस्थेत त्या माणसाला मराठीत म्हणाल्या, "असं आहे होय!" तो हसला. त्यांना शिडीवर आडवं करून काठावर आणलं तेव्हा एका पायात बूट नव्हता. दवाखान्याच्या गाडीत चांदीच्या कागदासारख्या पांघरुणात गुंडाळल्यावर त्यांनी मूठ उघडून मला दाखवली. पैसा मुठीतच होता. "ठेवायचा राहिलाच की," म्हणाल्या.

मेधा दवाखान्यात आली ती पांढरी पडून. आईला धडधाकट बघितल्यावर मग तिला राग आला, आणि तो बरोबर होता. मला ती काही बोलली नाही, सासू ना मी. आईला म्हणाली, "तुला काही झालं असतं तर मी कुठे जाणार होते?" सुमनताईंनी यावर काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, लाकूड तासलेलं आहे." मेधा उठून बाहेर गेली. त्यानंतर घरात तिचं आईशी बोलणं गोळी घेतलीस का, एवढ्यावर आलं. जायला आठवडा राहिलेला आणि माय-लेकी अशा. मी मध्ये पडले नाही. मध्ये पडून माझ्याने कधीच काही सुधारलेलं नाही.

दोन दिवसांनी जुन्या वास्तू राखणाऱ्या कचेरीतला एक माणूस घरी आला. उंच, दाढीवाला. खुंटाला बांधलेली साडी त्यानेच सोडून आणली होती, एका पिशवीत. आधी तो रागावलेला होता. त्या लाकडाला हातसुद्धा लावायला बंदी आहे आणि आम्ही त्याला वेढे दिले होते. मेधा दात आवळून सगळं मराठीत सांगत होती. सुमनताईंनी ऐकून घेतलं, माफी मागितली, चकली पुढे केली आणि विचारलं, लाकूड ठीक आहे ना? तो म्हणाला, ठीक आहे. मग त्यांनी विचारलं, तो पाय रोवला कसा?

त्याने मग कागद मागून घेतला. मेधाला सांगावं लागलं, दुसरं कोण सांगणार. आधी झाड ओकचं, त्याच्या टोकाला लोखंडी टोपी. पाण्यात तराफा, तराफ्यावर तिकाटणं, त्यावरून दोराने ओढून धरलेलं वजन. ते सोडायचं, परत ओढायचं, परत सोडायचं. भोवती फळ्यांचं दुहेरी कुंपण, मध्ये चिकणमाती ठासलेली, आतलं पाणी माणसं उपसत राहणार. सुमनताई विचारत, मेधा सांगत, तो काढत. कुठे थांबायचं हे कसं कळायचं? तर घाव घालूनही खुंट खाली जाईनासा झाला की थांबायचं. आणि कुंपण फुटलं तर आतल्या माणसांचं काय? तो म्हणाला, ते माहीत नाही. त्यांची नावं मिळत नाहीत. मग वरचे दगड कुठे गेले? लोकांनी उचलून घरं बांधली. एका ठिकाणी मेधा थांबली आणि सुमनताईंनी न विचारलेलं तिनेच त्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. सुमनताईंनी मला हळूच कोपर मारलं. तो गेल्यावर मेधा परत गप्प झाली, पण कागद तिने टाकला नाही.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मेधा कामावरून लवकर आली आणि म्हणाली, चला, पुलावर जाऊ. तिघी गेलो. दारं बसली होती. नदी भरून आली होती, वरून हिरवी आणि एकसारखी, खाली काही आहे असं कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. आम्ही मध्यावर उभ्या राहिलो. मेधाने कठड्याला टेकून विचारलं, "खाली काय काय होतं, आई?"

एवढंच विचारलं तिने. मला वाटतं, तिला जाणतेपण आल्यापासून तिने आईला काही विचारलं असेल तर चष्मा कुठे ठेवलास, असलंच. सुमनताईंनी सांगायला सुरुवात केली. हातांनी दाखवत, खुंटाची जाडी, तासल्याचे घाव, गाळ कसा आधी थंड लागतो आणि मग काहीच लागत नाही... मेधा मधून मधून विचारत होती. मी जरा पुढे जाऊन उभी राहिले. गार वारा होता. त्यांना वेळ लागला.

निघताना मी म्हटलं, टाका आता तो पैसा. सुमनताईंनी तो काढला, हातात खेळवला आणि माझ्या हातात दिला. "नदीला नेहमीच देतो. हा त्या खुंटाचा. परत पाणी उतरलं की तुम्ही ठेवा. दगडांवरूनच ठेवा, खाली उतरू नका." मी म्हटलं, परत कधी उतरणार पाणी, मी काय अमरपट्टा घेऊन आलेय का? त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? बंधारेवाल्यांना विचारा की."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला तो कुठल्या देशाचा ते विचारत विचारत आत गेल्या. मागे वळून बघायचं राहून गेलं त्यांचं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं, पाठमोरं.

पुढे फोनवर बोलणं होई. मेधा आता दर रविवारी आईला फोन लावायची आणि लांबवर बोलायची. एकदा ऐकलं तर विषय नदीचा. त्या शेवटपर्यंत मला विचारत, पाणी उतरलं का? मी म्हणायची, नाही. मी खरंच बंधाऱ्यावर जाऊन विचारलं होतं, ईराला घेऊन. तिने विचारलं, तिथल्या माणसाने सांगितलं की पुन्हा एवढं पाणी सोडायला पुष्कळ वर्षं जातील. हे मी सुमनताईंना कळवलं नाही, कारण त्यांनी कधी उतरेल असं विचारलं नव्हतं, उतरलं का असं विचारलं होतं.

मेधा साताऱ्याहून परत आली त्याला आता काही आठवडे झाले. आईच्या कपाटातलं काय आणलंस विचारलं तर म्हणाली, चष्मा. माझ्याकडे ती इरकली साडी आहे. खुंटाला जिथे वेढे दिले होते तिथे आडवा काळा पट्टा पडलाय, तो धुऊन जात नाही. मी घासला, लिंबू लावलं, उन्हात टाकली, रविवारीसुद्धा टाकली. आता नाद सोडलाय. तशीच नेसते. भोकाचा पैसा तिच्या पदराला गाठीत बांधलेला आहे. बाजाराला जाताना बस पुलाच्या अलीकडे थांबते, मी उतरते, मध्यावर उभी राहते, नदीला दुसरं नाणं देते. हा देत नाही. ईरा बरोबर असली की विचारते, यावेळी मराठीत, "आजी, खाली अजून आहे का तो खुंट?" मी सांगते, आहे. साताऱ्याच्या आजीचा एक बूटही आहे.

त्या दिवशी नदीत आम्ही दोघी उतरलो होतो आणि दोघी वर आलो. सुमनताई त्यानंतर दोन पावसाळे जगल्या. मी अजून आहे.